धुराला वेस नसते

उत्तर चीनमधील शिजियाझुआंग या शहरी मराठी माणूस पर्यटनासाठी म्हणून सहसा जात नाही. तेथे राजवाडा नाही, प्रसिद्ध भिंत नाही. हेबेई प्रांताची ही राजधानी म्हणजे रेल्वेच्या जाळ्यातील एक मोठे जंक्शन आणि औषधांच्या व कापडाच्या कारखान्यांचे शहर. तरीही वैद्यकीय व्यवसायात आयुष्य घालवलेल्या मराठी माणसाला तेथे जाण्याचे एक कारण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तेथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत चिरविश्रांती घेत आहेत. १९३८ साली युद्धग्रस्त चीनच्या मदतीस गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, हेबेईतच त्यांचा अंत झाला. शांतारामबापूंचा १९४६चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मीही तो लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिला होता, आणि तेव्हापासून ती समाधी एकदा पाहावी असे मनात होते.

नोव्हेंबरातील त्या सकाळी मी समाधीपाशी उभी होते, तेव्हा थोड्या अंतरावर दहा-बारा वृद्ध स्त्री-पुरुष संथ व्यायामासाठी जमत होते. सुरुवात करण्यापूर्वी त्यांच्यातील एका गृहस्थांनी खिशातून फोन काढला, पडद्यावरचा रंग पाहिला, तो सर्वांना दाखवला. रंग पिवळा होता. म्हणजे हवा उत्तम नव्हे, पण चालण्यासारखी. मग त्यांनी तोंडावरची पट्टी उतरवून घडी करून खिशात ठेवली आणि हात उचलले. माझ्याबरोबर दुभाषी म्हणून आलेली तरुणी म्हणाली, ‘‘मी शाळेत होते तेव्हा या दिवसांत इथे कुणी व्यायाम करत नसे. समोरची झाडेसुद्धा दिसत नसत.’’

वाचकहो, त्या शहराची तेव्हाची स्थिती काय होती हे सांगायला एक खटला पुरेसा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये शिजियाझुआंगच्या एका नागरिकाने शहराच्या पर्यावरण खात्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याने मागितलेल्या भरपाईत मुखपट्ट्यांचा, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा आणि घरातल्या घरात चालण्याच्या ट्रेडमिलचा खर्च होता. बाहेर फिरायला जाता येत नाही, तर चालण्याचे यंत्र तुमच्यामुळे घ्यावे लागले, असे त्याचे साधे म्हणणे. आपल्या घरी दम्याचे किंवा सीओपीडीचे रुग्ण असतील, तर या मागणीत हसण्यासारखे काही नाही हे आपल्याला कळेल. २०१३ साली चीन सरकारने ७४ शहरांची हवा मोजून क्रम लावला, तेव्हा सर्वांत वाईट दहा शहरांपैकी सात एकट्या हेबेईतील होती. शिजियाझुआंग त्यांत होतेच.

आता हेबेईचीच हवा इतकी का बिघडली, हे समजण्यासाठी मी आपल्याला एक दिवस मागे, बीजिंगला नेते.

बीजिंगच्या पश्चिम कडेला शौगांग हा १९१९ साली स्थापन झालेला पोलादाचा कारखाना होता. आज तेथे उद्यान आहे. झोतभट्ट्या, धुराडी, वाफ थंड करणारे अवाढव्य मनोरे, सारे जागच्या जागी उभे आहे, पण थंडगार. त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमधील बर्फावरील उडीची घसरण बांधली गेली. आज आजी-आजोबा नातवंडांना घेऊन तेथे तळ्याकाठी फिरतात. मला ती जागा आवडली. पण फिरताना मनात येत राहिले, की इथली भट्टी विझली म्हणजे पोलाद बनणे थांबले असे तर नव्हे. भट्टी गेली कुठे? उत्तर सर्वज्ञात आहे. २००५ साली कारखाना हलवण्यास मान्यता मिळाली, २०१०च्या अखेरीस बीजिंगमधील उत्पादन बंद झाले, आणि नवा कारखाना तांगशान शहराच्या समुद्रकिनारी, भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभा राहिला. तांगशान हेबेईत आहे. नव्या कारखान्याची यंत्रसामग्री जुन्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ होती हे मान्य करायलाच हवे. परंतु राजधानीच्या हिशेबवहीतून तो धूर वजा झाला आणि शेजारच्या प्रांताच्या वहीत जमा झाला, हेही खरे.

धुराला मात्र ही वही वाचता येत नाही. बीजिंगहून वेगवान रेल्वेने आपण निघालो की सव्वा तासात शिजियाझुआंग येते. सारा वेळ उजव्या हाताला, पश्चिमेस, ताईहांग पर्वताची रांग सोबत करते आणि डावीकडे सपाट मैदान पसरलेले असते. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन खालीच बसते, वरच्या उबदार थराचे झाकण पडते, पर्वत एका बाजूने वाट अडवतो, आणि दक्षिणेकडून मंद वारा सुटला की हेबेईचा धूर हळूहळू राजधानीकडे सरकतो. २०१४ साली बीजिंगच्याच अधिकृत अभ्यासात असे दिसले, की तेथील सूक्ष्म धूलिकणांपैकी २८ ते ३६ टक्के बाहेरून येतात. घरातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटावा आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर तो आपल्याच उंबऱ्यावर यावा, तसे झाले.

हे कण म्हणजे पीएम २.५. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे असल्यामुळे ते नाकात, घशात अडत नाहीत. फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून दूषित हवेच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात केवळ खोकलाच नव्हे, तर छातीत दुखणे आणि पक्षाघातही वाढलेले दिसतात. वृद्ध शरीरात फुप्फुसाची राखीव शक्ती आधीच कमी झालेली असते. तरुण माणूस ज्या हवेत नुसता शिंकतो, त्याच हवेत सत्तरीच्या माणसाला रुग्णालयात न्यावे लागते.

तेव्हा प्रश्न असा, की ज्यांच्या हाती कारखान्यांना परवानगी देणे व न देणे आहे, ते अधिकारी असे का वागले? याचे उत्तर दुष्टपणात शोधू नये, प्रगतिपुस्तकात शोधावे. चीनमध्ये शहराच्या व प्रांताच्या प्रमुखांची बढती वरून ठरते. दीर्घकाळ तिचे मुख्य माप आर्थिक वाढ हे होते. पुढे, २००६ पासूनच्या पंचवार्षिक योजनेत, नद्यांच्या प्रदूषणाचे एक माप त्यांच्या मूल्यमापनात आले. त्याचा परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी तपासला आहे, आणि तो मला अतिशय बोधप्रद वाटला. प्रांतांच्या सीमेवर, जेथे घाण सोडली की ती आपोआप शेजाऱ्याकडे वाहून जाते, तेथेही नदीतील ते मोजले जाणारे प्रदूषण घटले. पण शिसे, पारा यांसारखी जी द्रव्ये मूल्यमापनात नव्हती, त्यांत तशी सुधारणा दिसली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तर असे आढळले, की पाणी मोजणाऱ्या केंद्राच्या लगेच वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यांवर कडक निर्बंध होते आणि लगेच खालच्या अंगाला असलेल्यांवर तसे नव्हते. नदी तीच, गावही जवळजवळ तेच. फरक एवढाच, की एकाचे पाणी केंद्रापुढून जात होते आणि दुसऱ्याचे नव्हते.

हे वाचताना मला माझे मधुमेही रुग्ण आठवले. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद, रात्रीचे जेवण हलके, पहाटे चालणे; आणि मग उपाशीपोटीची साखर पाहून चेहऱ्यावर प्रसन्नता. घरची मंडळीही या कटात सामील असतात. त्या अहवालात खोटे काहीच नसते, फक्त तो त्या दोन दिवसांचा असतो. कधीकधी याहीपुढे पायरी जाते. २०१६ साली शीआन शहरात हवा मोजणाऱ्या एका केंद्राच्या यंत्राचे नाक पर्यावरण खात्याच्याच माणसांनी सुती कापडाने बुजवले होते, जेणेकरून यंत्राला गाळलेली हवा मिळावी. २०१७ साली संबंधितांना तुरुंगवास झाला. बगलेतला थर्मामीटर हळूच सैल धरणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पण थर्मामीटरलाच अंगरखा घालण्याची ही कल्पना मला नवी होती.

म्हणूनच आम्ही डॉक्टर मधुमेह्याची एचबीएवनसी ही चाचणी करतो. तिच्यात मागील साधारण तीन महिन्यांची साखर रक्तपेशींवर कोरलेली असते आणि दोन दिवसांच्या उपासाने ती पुसता येत नाही. चीनने अधिकाऱ्यांसाठी जी व्यवस्था उभी केली, ती काहीशी या चाचणीसारखी आहे. २०१३च्या नोव्हेंबरात तिचा संकल्प जाहीर झाला, २०१५च्या अखेरीस पथदर्शी प्रयोगाची योजना आली आणि २०१८ पासून ती नियमित झाली. प्रमुख अधिकारी पद सोडताना, आणि कधी पदावर असतानाही, लेखापरीक्षक त्याच्या कारकिर्दीचा हिशेब मांडतात. जमीन, पाणी, जंगल, खनिजे, हवा हे सारे तो आला तेव्हा कसे होते आणि जाताना कसे आहे? परीक्षक उपग्रहाची जुनी व नवी चित्रे शेजारी ठेवून पाहतात. निष्कर्ष त्याच्या सेवापुस्तिकेत जातो आणि पुढील बढतीच्या वेळी विचारात घेतला जातो. शिवाय २०१५च्या नियमांनुसार बदली, बढती वा निवृत्ती झाली तरी गंभीर हानीची जबाबदारी आयुष्यभर मागे लागते. आपल्याकडील जुन्या म्हणीप्रमाणे ‘आपण गेलो, जग बुडाले’ म्हणण्याची सोय या नियमाने काढून घेतली.

मात्र या चाचणीतही एक फट आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म तेथेच आहे. हिशेब मांडला जातो तो त्या अधिकाऱ्याच्या हद्दीचा. मग कारखाना बंद करण्यापेक्षा तो हद्दीपलीकडे ढकलणे सोपे नाही का? सोपे आहेच, शौगांगच्या थंड भट्ट्या तेच सांगतात. पण याच्या उलटही घडू शकते. शेजारच्या शहराच्या प्रमुखाचा हिशेब झाला हे पाहून या शहराचा प्रमुख सावध होतो, कारण पुढची पाळी त्याची असते. एकाच परीक्षेच्या भीतीने शेजार सुधारतो की शेजार बिघडतो, हे बरेचसे शेजाऱ्यालाही तीच परीक्षा आहे की नाही यावर ठरते, असे माझे मत आहे.

हेबेईपुरते बोलायचे, तर शेजाऱ्याची परीक्षाच आधी झाली. केंद्र सरकारच्या पर्यावरण तपासणी पथकाने २०१५च्या शेवटच्या दिवशी पहिला प्रयोग सुरू केला तो याच प्रांतात. पथक महिनाभर मुक्कामाला राहिले, नागरिकांच्या तक्रारी घेतल्या, आणि साडेतीनशेहून अधिक लोकांवर जबाबदारी निश्चित झाली. मे २०१६ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात प्रांताच्या नेतृत्वालाही बोल लावलेला होता. २०१७ मध्ये बीजिंग, तिआनजिन आणि चार प्रांतांतील २६ शहरे मिळून एकच हवेचे खोरे मानले गेले. म्हणजे रुग्णाच्या फक्त डाव्या फुप्फुसावर उपचार करण्याचे सोडून दोन्ही फुप्फुसांना एकदम नळी लावली. २०१३ साली बीजिंगमधील पीएम २.५चे वार्षिक प्रमाण घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होते; २०२१ साली ते ३३ झाले आणि २०२४ साली ३०.५. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो हेबेईचा आकडा: १०८ वरून २०२२ पर्यंत ३७च्या आसपास. धूर नुसता सरकवला असता तर शेजाऱ्याचा आकडा असा उतरला नसता. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ आहे, त्यामुळे टाळ्या वाजवण्याची वेळ अजून दूर आहे. तरीही त्या स्मशानभूमीतील वृद्धांना मुखपट्टी घडी करून ठेवता आली, हे याच उताराचे फळ.

या उताराची किंमत कोणी मोजली, हे मला दुभाषी मुलीने जेवताना सांगितले. तिचे काका शहराच्या पश्चिमेस, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सिमेंटच्या कारखान्यात होते. डिसेंबर २०१३ मध्ये त्या परिसरातील कारखाने सुरुंग लावून जमीनदोस्त केले गेले, त्यांत त्यांचाही गेला. पुढे चार वर्षांनी आजीची पाळी आली. २०१७च्या हिवाळ्यापूर्वी त्या अठ्ठावीस शहरांच्या परिसरातील तीस लाखांहून अधिक घरांतील कोळशाच्या शेगड्या काढून गॅस वा वीज देण्याचे लक्ष्य होते. अधिकाऱ्यांना लक्ष्य गाठायचे होते, म्हणून शेगड्या आधी गेल्या. गॅस मात्र कित्येक ठिकाणी वेळेवर आला नाही. हेबेईतील एका तालुक्यात शाळेची मुले ऊन मिळावे म्हणून वर्गाबाहेर बसून शिकत असल्याची बातमी तेव्हा गाजली आणि डिसेंबरात सरकारला कोळशाची परवानगी पुन्हा द्यावी लागली. या मुलीची आजी ते दोन आठवडे सगळ्या रजया अंगावर घेऊन झोपून होती. ‘‘बाबा म्हणाले, धूर होता तेव्हा आजी खोकायची, धूर गेला तेव्हा थरथरायची,’’ असे ती म्हणाली, आणि नूडल्सच्या वाडग्याकडे पाहत गप्प झाली.

डॉक्टर म्हणून मी हे विसरू शकत नाही. कडाक्याची थंडी वृद्धांचा रक्तदाब वाढवते, हृदयावर ताण आणते, न्यूमोनियाला वाट करून देते. कोळसाही तितकाच घातक: ह्वाय नदीच्या उत्तरेस सरकारी कोळशावर घरे उबदार ठेवण्याची जुनी पद्धत होती, दक्षिणेस नव्हती, २०१७च्या एका अभ्यासानुसार त्यामुळे उत्तरेकडील लोकांचे आयुर्मान सुमारे ३.१ वर्षांनी घटले. दोन्ही बाजूंना म्हातारी माणसेच. अधिकाऱ्याच्या हिशेबात धूर मोजला गेला, आजीच्या खोलीचे तापमान मोजले गेले नाही.

आपल्याकडे परत येते. माझे एक रुग्ण आहेत, वय ७८, सीओपीडी. त्यांचे शेत दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील ओढ्याकाठी आहे आणि ओढ्यापलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, एक भट्टी चालते. पलीकडच्या कचेरीने सांगितले की तक्रारदार आमच्या हद्दीतले नाहीत. अलीकडच्या कचेरीने सांगितले की भट्टी आमच्या हद्दीत नाही. दोन्ही उत्तरे कागदोपत्री बरोबर होती. आपल्या देशात महालेखापरीक्षक खात्यांच्या कारभाराचे परीक्षण करतात. पण बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्याच्या काळातील हवेचा हिशेब ठेवण्याची पद्धत नाही. येणारा साहेब नवा असतो, जाणारा साहेब गेलेला असतो, आणि आजोबांचे फुप्फुस तेवढे जुनेच असते.

चीनहून आल्यावर मी त्यांच्या सूनबाईंना दोनशे पानी वही आणायला सांगितली. आपल्याही घरी असा रुग्ण असेल तर ही वही ठेवावी, म्हणून तपशील देते. श्वासाचा जोर मोजणारे पीक-फ्लो मीटर नावाचे साधे, स्वस्त यंत्र मिळते. रोज सकाळी, इनहेलर घेण्यापूर्वी, तीनदा फुंकून त्यातील सर्वांत मोठा आकडा लिहावा. शेजारच्या रकान्यात धूर किंवा वास होता का, किती वाजता, वारा कोणत्या दिशेने, हे लिहावे. जवळ मोजणी केंद्र असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवरचा त्या दिवसाचा आकडाही टिपावा. ही वही आधी डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. आकडा नेहमीपेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक घसरला तर औषध बदलावे लागते. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, पावलांना नव्याने सूज, अचानक गोंधळल्यासारखे वागणे, यांतले काही दिसले तर वहीत लिहीत बसू नये, रुग्णालय गाठावे. हिवाळ्यात पहाटेचे फिरणे सोडून ऊन चढल्यावर जावे, कारण पहाटे धूर जमिनीलगत असतो. रुमाल बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत; एन-९५ पट्टी अडवते, पण ती लावून दम लागत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

सूनबाईंनी अडीच महिने नोंदी केल्या. पूर्वेचा वारा आणि धूर असलेल्या दिवसांत सासऱ्यांचा आकडा २१० वरून १६०पर्यंत उतरत असे. तिने त्या पानांच्या प्रती काढल्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दोन्ही बाजूंच्या कार्यालयांत एकाच दिवशी दिल्या. प्रत्येक अर्जावर दुसऱ्या कार्यालयाला प्रत दिल्याचा उल्लेख केला. महिन्याभराने दोन्हीकडचे अधिकारी एकाच सकाळी ओढ्याच्या बांधावर येऊन उभे राहिले. असे यापूर्वी कधी घडले नव्हते, असे आजोबा सांगतात. त्या दिवशी भट्टी बंद होती. अधिकारी पाहून गेले. सूनबाईंनी नेहमीप्रमाणे वहीत नोंद केली: वारा पूर्वेचा, धूर नाही, आकडा २१०. दुसऱ्या दिवसाची नोंदही त्याच पानावर आहे: वारा पूर्वेचा, धूर पहाटे पाचपासून, आकडा १७०. ते पान घेऊन ती पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी माझे पत्र सोबत असेल.